‘मेडेआ’ बसवताना: बाई, देव आणि मधलं बंद दार

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कॉलेजच्या एकांकिका स्पर्धेसाठी तुम्ही ग्रीक नाटककार युरिपिडीसचं ‘मेडेआ’ पाऊण तासात बसवताय. मेडेआ करणारी मुलगी अडून बसली आहे. नवऱ्यानं दुसरं लग्न केलं म्हणून पोटची पोरं मारणारी बाई दाखवणं म्हणजे बाईची बदनामी आहे, असं तिचं म्हणणं. तुमचे सर सांगतात, शेवटचा सूर्याचा रथ काढून टाका, आजच्या प्रेक्षकाला असे देव पटत नाहीत. आणि तुम्हाला स्वतःला कोडं पडलंय की ज्या अथेन्समध्ये बाईला मत नव्हतं, कोर्टात उभं राहता येत नव्हतं, तिथल्या रंगमंचावर एवढ्या जबरदस्त बायका आल्या कुठून.

मी गेली सत्तावीस वर्षं ग्रीक नाटकं मराठीत बसवते आहे, बहुतेक हौशी मंडळींबरोबर आणि कॉलेजच्या मुलांबरोबर. ‘मेडेआ’ तीन वेळा केलं. पहिल्या वेळी मी तेच केलं जे तुमचे सर सुचवताहेत, आणि त्यात काय हातचं गेलं ते मला अनेक वर्षांनी कळलं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

‘युरिपिडीस बायकांच्या बाजूचा की विरोधातला?’ हा प्रश्न घेऊन तालमीला बसलात तर तालीम तिथेच अडेल. दोन्ही बाजूंना हवा तेवढा पुरावा नाटकातच सापडतो. त्यामुळे निम्मी मुलं एक वाक्य काढतील, उरलेली दुसरं. त्यापेक्षा मी नटांना एक साधा प्रश्न देते: या क्षणी ही बाई दाराच्या कुठल्या बाजूला उभी आहे? आत की बाहेर? हा प्रश्न अगदी शब्दशः घ्यायचा. नेपथ्यात जे दार आहे, त्या दाराबद्दलच तो आहे.

पण त्याआधी त्या समाजाचं थोडं सांगायला हवं, कारण ‘बायका कोंडलेल्या होत्या’ हे अर्धंच चित्र आहे. अथेन्सच्या नागरिकाच्या घरातल्या बाईला जन्मभर कुणीतरी ‘किरिऑस’ लागायचा, म्हणजे तिच्या वतीनं बोलणारा पुरुष. आधी बाप, मग नवरा, तो नसेल तर मुलगा किंवा जवळचा नातेवाईक. मुलीचं लग्न चौदा-पंधराव्या वर्षी, नवरा बहुधा तिशीच्या घरातला. हुंडा तिच्याबरोबर जायचा आणि काडीमोड झाला तर तो माहेरी परत करावा लागायचा. एक मेडिम्नॉस (धान्याचं एक माप) सातूच्या किमतीपेक्षा मोठा व्यवहार तिला स्वतःच्या नावावर करता येत नसे. कोर्टातले वक्ते प्रतिष्ठित घरच्या जिवंत बाईचं नावसुद्धा उच्चारायचं टाळत. ‘मेडेआ’चा प्रयोग झाला इ.स.पू. ४३१ च्या वसंतात. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात युद्धात पडलेल्यांसाठी अथेन्सचा नेता पेरिक्लीस यानं भाषण केलं. इतिहासकार थ्युसिडिडीसनं ते लिहून ठेवलंय. त्यात विधवांना सांगितलंय की पुरुषांच्या तोंडी, चांगलं म्हणून किंवा वाईट म्हणून, जिचं नाव कमीत कमी येतं तिची कीर्ती मोठी.

आता दुसरी बाजू. गरिबांच्या बायकांना घराबाहेर पडण्यापासून अडवणार कसं, असा प्रश्न खुद्द अ‍ॅरिस्टॉटलनं लिहून ठेवलाय. म्हणजे त्या बाहेर पडत होत्या. पाणी भरत होत्या, बाजारात पाव विकत होत्या. युरिपिडीसची आई भाजी विकायची अशी टवाळी अ‍ॅरिस्टोफेनीस आपल्या विनोदी नाटकांत पुन्हा पुन्हा करतो. आणि धर्मकार्यात तर बाई उघडपणे सार्वजनिक होती. अथेन्सच्या रक्षणकर्त्या अथीनेची पुजारी बाईच असायची. थेस्मोफोरिया हा सण फक्त बायकांचा, पुरुषाला तिथे मज्जाव. घरात कुणी गेलं की प्रेताला अंघोळ घालणं आणि मोठ्यानं शोक करणं हे बायकांचं काम. सॉफक्लिसच्या नाटकातली अँटिगनी भावाच्या प्रेतावर माती टाकते तेव्हा ती घरच्या बाईचं नेहमीचं कर्तव्य करते आहे. फक्त राजानं त्या दिवशी त्याला गुन्हा ठरवलंय. हे लक्षात घेतलं की अँटिगनी ‘बंडखोर मुलगी’ म्हणून करायचा मोह सुटतो आणि भूमिका कितीतरी वजनदार होते.

आणि हे सगळं लोक बघायचे कुठे? अ‍ॅक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर, डायोनिसस देवाच्या उत्सवात. तीन कवी, प्रत्येकाच्या तीन शोकांतिका आणि एक सॅटरनाट्य, म्हणजे थट्टामस्करीचं नाटक. कुणाला संधी द्यायची ते सरकारी अधिकारी ठरवणार, कोरसचा, म्हणजे गाणाऱ्या-नाचणाऱ्या समूहाचा, खर्च एखाद्या श्रीमंत नागरिकाच्या गळ्यात. नाटकं सुरू होण्यापूर्वी मित्रराज्यांकडून आलेली खंडणी लोकांसमोर मांडली जायची आणि युद्धात बाप गमावलेली मुलं, शहराच्या खर्चानं वाढवलेली, चिलखत घालून चालत यायची. या सोहळ्यानंतर मुखवटा लावून जी बाई रंगमंचावर यायची ती पुरुष असायची. आपल्याकडे बालगंधर्वांच्या काळापर्यंत जी स्त्रीपार्टी होती आणि कोकणातल्या दशावतारात आजही आहे, तीच रीत. म्हणजे पुरुषानं लिहिलेली, पुरुषानं केलेली आणि मुख्यतः पुरुषांसमोर उभी राहिलेली बाई. प्रेक्षागृहात बायका बसत होत्या का यावर अभ्यासकांत वाद आहे. शोकांतिकेच्या प्रेक्षकांत बायकाही आहेत असं धरून लिहिलेली वाक्यं प्लेटोत सापडतात.

तुमच्या नटीला हे जरूर सांगा. तिचा संशय निराधार नाही. ही नाटकं बायकांचा आवाज नाहीत. ते पुरुषांचं शहर आहे, जे स्वतःला धास्ती वाटणाऱ्या गोष्टी बाईच्या मुखवट्यामागून बोलून बघत होतं.

पण तेवढ्यावर थांबता येत नाही. आज हाती असलेल्या तीसेक शोकांतिकांमध्ये एकही स्त्रीपात्र नसलेलं नाटक एकच आहे, सॉफक्लिसचं ‘फिलॉक्टेटीस’. हे योगायोगानं होत नाही. माझ्या अनुभवात याचं कारण त्या नाटकांच्या विषयातच आहे. ती घराबद्दल आहेत. शहराचे कायदे, युद्धं, सत्ता हे सगळं ज्या घरांच्या जिवावर चालतं, ते घर फुटलं की काय होतं याबद्दल आहेत. आणि घराच्या आतलं बोलायचं तर आतलं माणूस बाहेर यावं लागतं. शिवाय हे घर सहसा अथेन्सचं नसतं. थीब्जचं असतं, आर्गॉसचं असतं, करिंथचं असतं. फ्रिनिकस नावाच्या नाटककारानं मिलेटस शहराच्या पाडावावर नाटक केलं तेव्हा प्रेक्षागृह रडलं, आणि ‘आमच्या घरच्या दुःखाची आठवण करून दिली’ म्हणून अथेन्सनं त्याला हजार द्राख्मा दंड केला. इतिहासकार हेरोडोटसनं हे नोंदवलंय. पुढच्या काळात आपलं दुखणं दुसऱ्याच्या दारात मांडण्याचीच रीत पक्की झाली.

आता त्या दाराकडे येते.

अथेन्सच्या रंगमंचावर मागे एक लाकडी इमारत असायची, तिला मधोमध एक मोठं दार. तेच राजवाडा, तेच घर. एस्किलसच्या ‘अ‍ॅगामेम्नॉन’मध्ये (इ.स.पू. ४५८) दहा वर्षांनी नवरा युद्धावरून परत येतो तेव्हा क्लिटेम्नेस्ट्रा त्या दाराची मालकीण असते. त्याच्या रथापासून दारापर्यंत ती जांभळी भरजरी वस्त्रं अंथरते, त्याला त्यावरून चालायला भाग पाडते, आणि तो आत जातो तो कायमचा. ‘अँटिगनी’ची सुरुवातच अशी आहे की ती बहिणीला वाड्याच्या दाराबाहेर घेऊन आली आहे, आतल्या कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. पुढे तिला पकडल्यावर राजा क्रेऑन नोकरांना सांगतो, दोघींना आत न्या, आता यांनी बायकांसारखं राहायचं, मोकळं हिंडायचं नाही. क्रेऑनची बायको युरिडिसी दारात येते, मुलगा गेल्याची बातमी ऐकते, एक शब्द न बोलता आत वळते आणि आतच मरते. ‘ईडिपस’मधली त्याची आई आणि बायको योकास्टाही तशीच आत जाते. सॉफक्लिस बाईला मुकाट आत पाठवतो तेव्हा मला दरवेळी काटा येतो. मी कितीही वेळा बसवलं तरी.

हे डोक्यात ठेवून ‘मेडेआ’ वाचा.

सुरुवातीला ती दिसतच नाही. दाई बाहेर येऊन सांगते की मेडेआचा नवरा जेसन ज्यातून तिच्या देशी आला ते ‘आर्गो’ जहाज त्या आपटणाऱ्या खडकांमधून पार झालंच नसतं तर बरं झालं असतं. मग आतून मेडेआचा आवाज येतो. शाप, हंबरडा, मरणाची इच्छा. मूळ नाटकात दोनशेहून जास्त ओळी होईतो ती फक्त आवाज आहे. कोरस म्हणजे करिंथच्या बायका, तिच्या शेजारणी. त्या तो आवाज ऐकून जमतात. आणि मग ती बाहेर येते, तेव्हा तिचे पहिले शब्द काय आहेत? ‘करिंथच्या बायांनो, मी घराबाहेर आले आहे.’ आता आत हंबरडा फोडणारी बाई बाहेर येऊन शांतपणे, मुद्देसूद बोलू लागते. तालमीत मी नटीला पहिली पंधरा मिनिटं खरोखर बंद दारामागे उभी करते, विंगेत नाही. रडून घसा बसू दे. मग तोंड पुसून, पदर सारखा करून बाहेर ये म्हणते. हा एक बदल केला की त्या भाषणाचा सूर आपोआप सापडतो.

ते भाषण तुम्ही वाचलंच असेल. सगळ्या जिवंत प्राण्यांत आम्ही बायका अभागी. भरमसाट पैसा मोजून नवरा विकत घ्यायचा आणि वर तो आपल्या देहाचा मालक. तो चांगला निघेल की वाईट हा जुगार. काडीमोड घेतली की बाईचंच नाव खराब. पुरुष म्हणतात तुम्ही घरात सुखरूप, आम्ही भाले घेऊन लढतो. अरे, एक बाळंतपण करण्यापेक्षा मी तीनदा ढाल घेऊन उभी राहीन. चोवीसशे वर्षांपूर्वीचं आहे हे, आणि मराठीत आणताना मला कधी तळटीप लागली नाही. हुंडा, सासर, जुगार, सगळे शब्द आपल्या घरातच पडलेले होते.

पण नीट बघा, भाषण इथे संपत नाही. पुढे ती म्हणते, माझं आणि तुमचं सारखं नाही. तुम्हाला हे शहर आहे, बापाचं घर आहे. मला ना आई, ना भाऊ, ना नातलग. ही माहेर तुटलेली बाई आहे, आणि माहेर तिनं स्वतःच तोडलंय. जेसनसाठी बापाला फसवलं, सख्ख्या भावाचा जीव घेतला. या भाषणात ती शेजारणींना हे सांगत नाही. म्हणजे भाषण खरंही आहे आणि त्यांना आपल्या बाजूला ओढण्याचा डावही आहे. खरं म्हणूनच डाव लागू पडतो. नटीला या दोन्हीतलं एक निवडू देऊ नका.

जेसन तुमच्याकडे खलनायक झाला असेल तर तोही दुरुस्त करा. इ.स.पू. ४५१ मध्ये अथेन्सनं कायदा केला होता की आई आणि बाप दोघंही अथेन्सचे असतील तरच मूल नागरिक. वीस वर्षं त्या कायद्याखाली राहिलेल्या प्रेक्षकासमोर जेसन म्हणतो, परदेशी बायकोच्या मुलांचं भवितव्य काय, राजकन्येशी नातं जोडलं तर त्यांना राजघराण्यातले भाऊ मिळतील. तिथल्या कितीतरी माना डोलल्या असतील. तो समंजस दिसायला हवा. तो पुढे म्हणतो की बायकांची जातच नसती आणि मुलं दुसरीकडून कुठून मिळाली असती तर जग सुखी झालं असतं. असली वाक्यं उचलून युरिपिडीसला स्त्रीद्वेष्टा ठरवण्याची सवय जुनी आहे. वाक्य कुणाच्या तोंडी आहे आणि तोवर त्या माणसानं काय केलंय, हे बघायचं. त्याच नाटकात शेजारणी गातात की नद्या आता उगमाकडे वाहू लागल्या, पुरुषांच्या शपथांना अर्थ राहिला नाही. अपोलोनं आम्हाला वीणा दिली असती तर आम्हीही पुरुषांच्या जातीला उलट गाणं ऐकवलं असतं. ही ओळ एका पुरुषानं लिहिली. गाणी आजवर एकाच बाजूनं रचली गेली हे त्याला माहीत होतं.

तुमच्या नटीच्या मूळ आक्षेपाचं उत्तर मात्र मला वेगळ्याच जागी सापडलं. मेडेआ मुलं का मारते हे तिच्या शब्दांत शोधा. ‘माझे वैरी मला हसतील’ हे ती पुन्हा पुन्हा म्हणते. मित्रांना सुखाची, शत्रूंना दुःखाची अशी माझी ओळख हवी, म्हणते. ही बायकांची भाषा नाही. ही अकिलीसची, अजॅक्सची, युद्धावर गेलेल्या वीरांची भाषा आहे. ज्या अब्रूसाठी पुरुष माणसं मारतात आणि त्यांची महाकाव्यं होतात, तीच अब्रू ही बाई अंगावर घेते. पण बाईच्या हाताशी रणांगण नसतं, घर असतं. मुलांसमोरच्या मोठ्या स्वगतात ती चार-चारदा निर्णय फिरवते. त्यांच्या हसण्यानं, त्यांच्या मऊ कातडीनं मोडते आणि पुन्हा ताठ होते. तिथे वीर आणि आई एकाच घशातून बोलताहेत. वीर जिंकतो, आणि ते बघवत नाही. नाटक बाईला बदनाम करतंय असं मला तिथे वाटत नाही. ज्या शौर्याची त्या प्रेक्षकाला ओढ होती त्याचा हिशेब त्याच्यासमोर मांडतंय असं वाटतं. त्याच वसंतात पेलोपोनीझ युद्धाला तोंड फुटलं. स्पर्धेत युरिपिडीसला तिसरा, म्हणजे शेवटचा क्रमांक मिळाला.

एक बारीक जागा, जी कापू नका. जेसन शेवटी ओरडतो की कुठल्याही ग्रीक बाईनं असं केलं नसतं. ऐकणारा मान डोलावू शकतो: परदेशी, जादूटोणा करणारी, तिचंच हे काम. पण त्याच्या थोडंच आधी कोरसनं आठवण काढलेली असते की अशी एक पूर्वी झाली होती, इनो. आणि इनो ग्रीक होती. युरिपिडीसनं जेसनचं वाक्य तो बोलण्याआधीच खोडून ठेवलंय. पाऊण तासाच्या संहितेत कोरसचं ते कडवं पहिलं जातं, आणि मग मेडेआ खरोखरच ‘परकी’ होऊन बसते.

आता देव.

आपण देव म्हटलं की न्याय करणारा, संकटात धावून येणारा डोळ्यासमोर आणतो. ग्रीक नाटकातले देव तसे नाहीत आणि तिथेच आपल्या नटांचा गोंधळ होतो. युरिपिडीसचंच ‘हिपॉलिटस’ (इ.स.पू. ४२८) सुरू होतं तेव्हा प्रेमाची देवता अफ्रोडाइटी येऊन सरळ सांगते की हा मुलगा माझा मान ठेवत नाही म्हणून मी त्याला संपवणार, त्यासाठी त्याची सावत्र आई फीड्रा मरेल, पण त्याला इलाज नाही. शेवटी त्याची लाडकी देवता आर्टेमिस येते. सांगते की एका देवानं ठरवलेलं दुसरा अडवत नाही, तशी रीतच आहे. पण मीही तिच्या एखाद्या लाडक्याला मारीन. आणि मरणाऱ्याजवळ थांबणं देवांना चालत नाही म्हणून निघून जाते. मागे उरतात बाप आणि मरणारा मुलगा, आणि मुलगा बापाला माफ करतो. क्षमा माणसाकडे आहे, देवाकडे नाही. एस्किलसच्या ‘ऑरेस्टिया’ या नाट्यत्रयीच्या शेवटच्या नाटकात, आईला मारणाऱ्या मुलाच्या खटल्यात, अपोलो कोर्टात सांगतो की आई ही खरी जन्मदाती नाहीच, ती फक्त बी सांभाळते. अथीना म्हणते मला आई नव्हतीच, मी पुरुषाच्या बाजूची. तिथे देव न्यायाधीश कमी आणि पक्षकार जास्त आहेत. युरिपिडीसच्या ‘बॅकी’मध्ये तर डायोनिसस थीब्जच्या बायकांच्या अंगात येतो आणि आई मुलाचं मुंडकं सिंहाचं समजून मिरवत आणते. ‘अंगात येणं’ हा शब्द मराठीत आहे म्हणून तो प्रसंग आपल्या प्रेक्षकाला कधी समजावून सांगावा लागला नाही.

‘मेडेआ’त शेवटपर्यंत एकही देव रंगमंचावर येत नाही. पण नाटकभर एक गोष्ट खदखदत असते: शपथ. मेडेआला कुणी बापानं दिलेली नाही. जेसननं आणि तिनं उजवा हात हातात घेऊन, देवांना साक्षी ठेवून करार केला होता, जसा दोन पुरुष करतात. ग्रीक धर्मात शपथ मोडणारा देवांचा राजा झ्यूस याचा गुन्हेगार. पहिल्या हंबरड्यापासून ती न्यायाची देवता थेमिस आणि झ्यूसला हाका मारते आहे. म्हणून इजिअसचा प्रवेश कापू नका अशी माझी विनवणी आहे, जरी सगळे तोच आधी कापतात. अथेन्सचा हा राजा वाटेत भेटतो, आणि तो येण्याला काही कारणच नाही, असं अ‍ॅरिस्टॉटललाही खटकलं होतं. पण तो निपुत्रिक आहे. मूल नसलेला पुरुष किती पोकळ होतो हे मेडेआ त्याच्या तोंडावर बघते, आणि मुलं मारण्याचा बेत त्यानंतरच बोलून दाखवते. शिवाय ती त्याच्याकडून पृथ्वी आणि सूर्याची शपथ घेववते. एकाची मोडलेली शपथ आणि दुसऱ्याची ताजी शपथ समोरासमोर येतात. हा प्रवेश तीन मिनिटांत होतो, मी करून बघितलाय.

आणि आता तो रथ. पहिल्या प्रयोगात मी तो काढला होता. दार उघडलं, मेडेआ मुलांची प्रेतं मांडीवर घेऊन बसलेली, रडणारी, मंद निळा प्रकाश, काळोख. लोक हळहळले. भेटायला आलेल्यांपैकी बहुतेक ‘बिचारी’ म्हणाले. मला तेव्हा बरं वाटलं. पुढे मूळ नाटक ओळीओळीनं पुन्हा वाचताना लक्षात आलं की युरिपिडीसनं मुद्दाम जे होऊ दिलं नाही, नेमकं तेच मी करून ठेवलं होतं.

तो काय करतो बघा. आतून मुलांच्या किंकाळ्या येतात. शेजारणी म्हणतात, आत जाऊ का, वाचवू का? जात नाहीत. जेसन धावत येतो, दाराच्या कड्या काढा म्हणून ओरडतो. प्रेक्षागृहातला प्रत्येक डोळा दारावर. अथेन्सच्या प्रेक्षकाला सवय होती की आता दार उघडेल आणि चाकांच्या पाटावरून आतली प्रेतं बाहेर येतील. दार उघडतच नाही. आवाज वरून येतो: दार कशाला हलवतोस? ती वर आहे, इमारतीच्या माथ्यावर, सूर्यानं, म्हणजे तिच्या आजोबांनी दिलेल्या रथात, मुलांची प्रेतं जवळ घेऊन. यारीनं उचलून जिथे देव दाखवायचे तीच ही जागा. आणि ती देवासारखंच बोलते: मुलांना हीराच्या मंदिरात पुरीन, करिंथमध्ये त्यांच्यासाठी विधी सुरू होईल, आणि तू आर्गोच्या तुटक्या लाकडाखाली मरशील. जेसन मुलांना एकदा हात लावू दे म्हणून विनवतो. ती नाही म्हणते.

बाई आत नाही आणि बाहेरही नाही. दाराचा हिशेबच तिनं मोडलाय. आणि देव? ज्यांची शपथ मोडली त्यांनी खरंच रथ पाठवला, पण मेलेल्या पोरांसकट. तिला शिक्षा नाही, समाधानही नाही. ‘बिचारी’ म्हणण्याची सोय प्रेक्षकाला राहत नाही, ‘राक्षसीण’ म्हणण्याचीही नाही, कारण तासाभरापूर्वी तिच्या बाळंतपणाच्या वाक्याला त्यानं आतून दाद दिलेली असते. आणि ती निघालीय कुठे? अथेन्सला, म्हणजे ते बसलेत तिथे. हा शेवट अ‍ॅरिस्टॉटलला पटला नव्हता, त्यामुळे तुमच्या सरांचं मत हलकं नाही. पण त्यांना माझ्या वतीनं एवढं सांगा की प्रेक्षकाचा सूर्यदेवावर विश्वास बसायची गरज नाही. ती वर दिसली पाहिजे आणि जेसनचा हात पोचला नाही पाहिजे.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. रथ कसा दाखवायचा हे तुमच्या रंगमंचावर ठरेल. मी एकदा आठ फुटी लेव्हल वापरली, एकदा गावातल्या हॉलच्या प्रकाशयोजनेच्या माळ्यावर नटीला चढवलं. दुसरं काही जमलं नाही तर नुसती भक्कम शिडीही चालते, पण लेव्हलला मागून कठडा असू द्या आणि कुणीतरी मागे धरून उभं राहू द्या. कोरसला पंधरा मुली मिळणार नाहीत. पाच पुरतात, तीनही पुरतात, एक मात्र पुरत नाही, कारण एकटी शेजारीण मैत्रीण होते आणि आत न जाण्याचा दोष मग तिच्या एकटीवर येतो. कोरसला ग्रीक वाटेल असं संगीत लावू नका. आमच्या दुसऱ्या प्रयोगात मुलींनी आपापल्या आज्यांकडून जात्यावरच्या ओव्यांच्या चाली आणल्या आणि नद्या उलट वाहण्याचं गाणं त्यातल्या एका चालीवर बसलं. तुमच्या भागात दुसरं काही असेल, ते घ्या. संहिता इंग्रजीवरून केलेली असेल तर निदान दोन वेगवेगळी इंग्रजी भाषांतरं शेजारी ठेवून मेडेआचं मोठं स्वगत तपासा. त्यातल्या काही ओळींबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत आणि भाषांतरकार ओळी गाळतात.

सगळ्या भूमिका मुलांनी मुखवटे घालून कराव्यात का, असंही तुम्ही विचारलंय. मेडेआ करायला तयार असलेली मुलगी तुमच्याकडे आहे, तर नको. तिचा आक्षेप तिच्याकडून काढून घेऊ नका, तालमीत वापरा. पहिल्या वाचनाला तिला जेसनची वाक्यं वाचायला द्या आणि जेसन करणाऱ्याला मेडेआचं पहिलं भाषण. माझ्याकडे एका मुलानं ते बाळंतपणाचं वाक्य वाचलं आणि पुढे बराच वेळ कुणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशीपासून त्याचा जेसन सुधारला.

मुलांच्या भूमिकेत खरी मुलं घ्या, बाहुल्या नकोत, पण सहा-सात वर्षांपेक्षा लहान नकोत. किंकाळ्या त्यांच्याकडून तालमीत काढून घेऊ नका. मोठ्या नटांनी आतून द्याव्यात, मुलांना त्या वेळी आईवडिलांजवळ बसवा. आणि दार आधी करून घ्या, पहिल्या आठवड्यातच, प्लायवुडचं नको. खऱ्या चौकटीचं, आतून कडी असलेलं. जेसन त्यावर जीव तोडून धडका मारणार आहे, आणि ते उघडता कामा नये.